मागचं चाक काट्याबाहेर

शहर संपतं आणि गोदामं सुरू होतात तिथे, रस्त्याच्या कडेला, एक वजनकाटा होता. काटा म्हणजे भाजीवालीचा नव्हे. अख्खा भरलेला ट्रक वर चढेल एवढा, जमिनीत बसवलेला लोखंडी पाट, आणि त्याला लागून काचेची एक केबिन. ट्रक आधी भरलेला चढायचा, माल उतरवून परत रिकामा चढायचा, आणि दोन वजनांची वजाबाकी म्हणजे माल. जगातली निम्मी भांडणं या एका वजाबाकीवरून होतात, असं केबिनमध्ये बसणाऱ्या बाईचं ठाम मत होतं. उरलेली निम्मी कशावरून होतात ते तिला ठाऊक नव्हतं, कारण केबिन सोडून ती फारशी कुठे जातच नसे.

ट्रकवाले तिला काटाताई म्हणत. तिला दुसरं नाव असेल अशी शंकाही कधी कोणाला आली नाही. काचेला हात जाईल एवढं एक गोल भोक होतं, त्यातून पावती बाहेर जायची आणि पैसे आत यायचे. बोलणं व्हायचं ते कर्ण्यावरून. ट्रक पाटावर आला की ती बटण दाबून सांगायची, "गाडी मधोमध घ्या. इंजिन बंद करा. आता हलू नका." दिवसभर तेच. आवाजात ना राग, ना लोभ. झोपेतही ती हेच बोलत असणार, अशी ट्रकवाल्यांची पैज होती, पण ती लावून जिंकायची सोय नव्हती.

काट्यावर लबाडी करणं हा ट्रकवाल्यांच्या जातीचा गुणच. भरलेलं वजन जास्त दिसावं म्हणून वाळूवाले वाळूला आंघोळ घालून आणत. रिकामं वजन कमी दिसावं म्हणून कोणी जादा चाक झुडपात लपवून येई. आणि सगळ्यात जुनी, घराण्यातून चालत आलेली युक्ती म्हणजे रिकाम्या गाडीचं मागचं एक चाक हळूच पाटाच्या बाहेर, जमिनीवर ठेवायचं. तेवढा भार जमीन उचलते, काटा बिचारा उरलेला सांगतो. काटाताई कधी ओरडली नाही, कधी कोणाची आईबहीण काढली नाही. ती फक्त बटण दाबून दोन शब्द म्हणायची, "परत चढवा." भल्या भल्या मिशा त्या दोन शब्दांनी खाली आल्या होत्या.

त्यातली सगळ्यात मोठी मिशी भंगारमामाची. हा भंगार लोखंडाच्या खेपा करायचा, आणि बाकीचे लोक तपकीर ओढतात तशी लबाडी करायचा. फायद्यासाठी नाही, सवय म्हणून. वर्षानुवर्षं तो प्रत्येक खेपेला काहीतरी नवं करून बघायचा आणि दर खेपेला कर्ण्यातून तेच दोन शब्द यायचे. "ताई, एकदा तरी सोडा!" "सोडेन, मामा. काटा सोडेल त्या दिवशी." एवढंच त्यांचं नातं. पण काटाताईला आईवडील नव्हते, भाऊबहीण नव्हतं, वाढवलं त्या मावशीलाही जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हा रोज काचेच्या भोकातून एवढं बोलणारं माणूस म्हणजे तिच्या हिशेबी गोतावळाच होता.

लग्न तिचं उशिरा झालं. नवरा समुद्रापलीकडच्या एका बंदरावर क्रेन चालवायचा. तोही उंच काचेच्या खोलीत बसून जड वस्तू इकडच्या तिकडे करणारा. दोघांचं चांगलं जमलं, कारण दोघांनाही एकमेकांशी लांबून बोलायची सवय होती. वर्षातून एकदा तो सुट्टीवर यायचा. अशाच एका सुट्टीनंतर काटाताईला दिवस गेले.

पहिले काही महिने बरे गेले. मग चपला पायात जाईनात. दिवसभर बसून पाय सुजत असतील म्हणून तिने नवऱ्याच्या चपला घातल्या. मग अंगठी रुतली. मग एका सकाळी आरशात तिला एक गुबगुबीत, अनोळखी बाई दिसली, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या वजनावर नजर ठेवणाऱ्या काटाताईला कळलं की आपल्या गाडीत कोणीतरी न सांगता माल भरलाय.

दवाखान्यात सांगितलं ते असं. तिच्या मूत्रपिंडांमध्ये आधीपासूनच कधीतरी बारीकसा बिघाड झाला होता, तो गरोदरपणाच्या ओझ्याखाली उघडा पडला. अंगातलं सत्त्व लघवीवाटे निघून जात होतं, पाणी अंगातच साठत होतं, रक्तदाब वर चढला होता आणि रक्त पातळ झालं होतं. सातवा महिना सुरू होता. तिला तिथल्या तिथे भरती केलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी पुष्कळ होतं. पण लागलं तर असावं म्हणून रक्तपेढीत तिच्या रक्ताशी बाटल्या जुळवून बघायला घेतल्या, तर एकही जुळेना. कार्डावर तिचा गट 'ओ' लिहिला होता, पण 'ओ' गटाच्या प्रत्येक बाटलीशी तिच्या रक्ताने भांडण काढलं. तेव्हा कळलं की तिचा गट वेगळाच, हजारो माणसांत एखाद्याचा असतो असा. तिचं रक्त बाकीच्यांना चालेल, पण बाकी कोणाचंही तिला चालणार नाही.

"म्हणजे कुणाशीच जमत नाही," सासूबाई फोनवर म्हणाल्या. त्या गावी होत्या, गुडघ्यांमुळे जिना उतरणं बंद. "हे रक्त तपासून कळायला कशाला हवं होतं? मला विचारायचं!" मग थोड्या वेळाने त्यांचाच पुन्हा फोन. "अगं, माझं घेऊन बघायला सांग. आमच्या घरात आजवर कुणाचं रक्त परत आलेलं नाही." ते परत येणारच होतं. असं रक्त सापडलं तर सख्ख्या भावाबहिणीत सापडण्याचा संभव, असं रक्तपेढीच्या माणसाने काटाताईला समजावलं होतं. "कोणी आहे का?" त्याने विचारलं. काटाताईने नाही म्हणून मान हलवली. जन्मात प्रथमच तिला आईवडिलांचा थोडा राग आला. अजून एखादं मूल व्हायला काय हरकत होती?

शेवटी शोध करकरून दोन माणसं सापडली. एकजण येऊन रक्त देऊन गेला. त्याची एक पिशवी तिच्या नावाची चिठ्ठी लावून थंडीत पडून होती. दुसरा तयार होता, पण त्याने नुकतंच कुठे दुसऱ्या कोणासाठी रक्त दिलं होतं, आणि ठरलेली मुदत पुरी झाल्याशिवाय त्याचं घेता येत नव्हतं. ती मुदत येत्या गुरुवारी पुरी होत होती. तिचं स्वतःचंच काढून ठेवावं, तर तिच्यातच नव्हतं.

"एका पिशवीवर मी बाळ काढायला पोटाला हात लावणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. या बाई उंच, करड्या केसांच्या, आणि त्यांचा आवाज ऐकूनच अर्ध्या रोग्यांचा ताप उतरायचा. "निदान तुमच्या मूत्रपिंडांनी तग धरला आहे तोवर तरी नाही. बाळालाही तेवढे दिवस आत मिळतील. पण वजन एकदम वाढायला लागलं, म्हणजे पाणी साठायला लागलं, लघवी कमी झाली, की मी थांबणार नाही. मग एक पिशवी तर एक पिशवी." त्या गेल्यावर काटाताईच्या डोक्यात सगळ्या बोलण्यातून तीनच गोष्टी उरल्या: वजन, लघवी आणि गुरुवार.

तिला कडेची एकटी खोली दिली होती. समोरच्या मोठ्या खोलीत दहाबारा बायका, त्यांच्या आया, सासवा, नणंदा, डब्यांचे खणखणाट, आणि कोणाचं नाक कोणावर गेलंय यावरचे वाद. काटाताईकडे नातेवाईक येत नव्हते, पण माणसांची वर्दळ कमी नव्हती. शिकाऊ डॉक्टरांचे थवेच्या थवे येत. पलंगाभोवती गोल करून उभे राहत, एकजण तिच्या रक्ताची कुंडली वाचून दाखवी, बाकीचे "अरे वा!" असे चेहरे करून बघत. पहिल्या दिवशी तिने हसून "बसा ना" म्हटलं होतं. कोणी बसलं नाही. ते तिच्याकडे आलेच नव्हते, तिच्या रक्ताकडे आले होते. रक्त प्रसिद्ध झालं होतं, बाई तशीच राहिली होती.

नवरा रात्रपाळी संपली की फोन करायचा. त्याच्या मागे वारा सुटलेला असायचा. "सुट्टीचा अर्ज टाकलाय. बदली माणूस मिळाला की निघतोच." "हो." "जेवलीस?" "मोजून." "पाणी?" "तेही मोजून." मग दोघं गप्प बसत. तिकडे वारा, इकडे समोरच्या खोलीतल्या नणंदा. "ठेवू?" "ठेवा." फोन ठेवल्यावर पोटातून एक लाथ यायची. तेवढं एकच माणूस न विचारता उत्तर द्यायचं.

आता जे झालं ते दुसऱ्या कुठल्या बाईच्या हातून झालं नसतं. दुसरीला सुचलंच नसतं.

तिचं वजन सकाळ-संध्याकाळ व्हायचं. काटा बाहेरच्या बोळात, भिंतीला टेकून ठेवलेला. सोमवारी सकाळी ती त्यावर चढली आणि सिस्टरने आकडा वाचायच्या आतच तिला पायाखालून कळलं की आज गाडी जड आहे. रात्रीत पाणी चढलं होतं. गुरुवार अजून लांब होता. भिंतीच्या तळाशी फरशीची एक अरुंद कड पुढे आलेली होती, काट्याच्या पाटाच्या बरोबर उंचीला. काटाताईची उजवी टाच, जणू तिला काही न विचारता, मागे सरकली आणि त्या कडेवर टेकली. वर ढगळ झगा होताच. काटा खाली आला. सिस्टरने कालच्याएवढाच आकडा लिहिला आणि "छान!" म्हणून निघून गेली.

छान म्हटल्यावर काटाताईला घाम फुटला.

एकदा चाक बाहेर गेलं की ते दुसऱ्यांदा जायला वेळ लागत नाही. त्याच दुपारी लघवीच्या बाटलीतली रेघ फार खाली दिसली, तेव्हा तिने नळाखाली बाटली धरून रेघ वर आणली. वाळू भिजवून आणणाऱ्यांना आपण कर्ण्यावरून सगळ्यांदेखत काय काय ऐकवलं होतं, ते सगळं तिला त्या नळापाशी शब्दन् शब्द आठवलं. तिने नळ बंद केला, तोंड पुसलं आणि बाटली जागेवर ठेवली. गुरुवारपर्यंत, ती स्वतःला म्हणाली. सगळे ट्रकवाले हेच म्हणायचे. फक्त एवढी खेप, ताई.

मंगळवारी तिला आडवं पडून श्वास पुरेना. तिने उशीवर उशी ठेवली. डोकं ठणकत होतं, ते तिने कोणाला सांगितलं नाही. बुधवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, परत चेहऱ्याकडे बघितलं.

"चेहरा सांगतोय वाढलं. काटा सांगतोय नाही वाढलं. दोघांपैकी एक खोटं बोलतंय." त्यांनी काटाताईला तपासलं, रक्त तपासणीला पाठवलं आणि जाता जाता सिस्टरला सुनावलं, "तो बोळातला काटा बिघडलाय. भंगारात काढा आणि उद्या दुसरा आणा."

सिस्टरने काट्याला जाता जाता पायाने ढकललं. "मेला! कधीपासून चुकीचं दाखवतोय कोण जाणे."

काटाताईला हे फार लागलं. तुम्हाआम्हाला हसू येईल, पण माणसाचा जीव कशात अडकलेला असतो ते त्याचं त्यालाच माहीत. तिने आयुष्यात एक गोष्ट सांभाळली होती. मालक आला, गेला, पोलीस आले, दमदाट्या झाल्या, पण तिच्या काट्यावर खोटं बोलल्याचा डाग कोणी लावू शकलं नव्हतं. आणि आज एक अगदी सरळ, गरीब, तोंड नसलेला काटा तिच्यामुळे चोर ठरला होता. ती दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. समोरच्या खोलीत कोणाचं तरी बाळ पहिल्यांदा रडलं, आणि दहाबारा बायका एका सुरात हसल्या.

संध्याकाळी भेटीच्या वेळेला भंगारमामा आला. अंघोळ करून, मिशीला तेल लावून, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन. दवाखान्यात तो इतका दबून चालत होता की जणू फरशीखालीही एखादा काटा असेल.

"संत्री यांना चालत नाहीत," सिस्टर म्हणाली.

"मग केळी आणतो."

"केळीही चालत नाहीत."

"मग चालतं काय?"

"काहीच नाही."

"म्हणजे रक्तासारखंच," मामा म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसायचं की नाही ते न कळून पिशवी मांडीवर घेऊन बसला. "ताई, सगळे ट्रकवाले रक्त तपासून आले, बरं का. रांग लावून. तुमच्या काट्यावर कधी अशी सरळ रांग लागली नव्हती. कुणाचं जमलं नाही. माझं तर बघितलं आणि म्हणाले, तुम्ही द्यायचं राहू द्या, आधी स्वतःची साखर तपासा."

काटाताई हसली. तिसऱ्या उशीवरून हसताना तिला धाप लागली.

"केबिनमध्ये कोण बसतं?"

"मालकाचा मेव्हणा. त्याला काही कळत नाही. परवा मी चाक बाहेर ठेवलं, तर त्याने पावती दिली." मामाने संत्र्यांच्या पिशवीची गाठ सोडली, परत बांधली. "खरं सांगू? मजा गेली."

तेवढ्यात सिस्टर आली. "चला, वजन. उद्या नवीन काटा येतोय, आजचा दिवस याच्यावर." काटाताई भिंतीला धरून बोळात गेली. मामा आदराने मागे दाराशी उभा राहिला. ती चढली. टाच मागे गेली. सिस्टरने आकडा लिहिला आणि ती रक्तदाबाचं यंत्र आणायला वळली.

काटाताईने मान वर केली तर मामा तिच्या पायांकडे बघत होता. जन्मभर ज्याने तेच केलं त्याला झग्याआडचंही दिसतं. आधी त्याच्या मिशीखाली हसू आलं, एखाद्याला आपल्या गावचा माणूस परदेशात भेटावा तसं. मग ते हळूहळू निघून गेलं.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "मागचं चाक काट्याबाहेर आहे."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"गुरुवारी दुसरी पिशवी मिळणार आहे, मामा. उद्याच गुरुवार. आज कळलं तर आजच कापतील. एका पिशवीवर." तिने झग्याचं टोक मुठीत धरलं. "तुम्ही मला इतकी वर्षं म्हणायचात ना, एकदा सोडा? आता मी म्हणते. एकदा सोडा."

मामाने बोळात दोन्ही बाजूंना बघितलं. "मी कोण सोडणारा? काट्यावर एक ट्रकवाला दुसऱ्याची चुगली करत नाही. मी काही बोलणार नाही." मग त्याला राहवेना. "फक्त एक विचारतो. मी चाक बाहेर ठेवतो तेव्हा गाडी हलकी होते का हो?"

"नाही."

"ओझं तेवढंच राहतं?"

"तेवढंच."

"ओढ्यावरचा तो जुना पूल आठवतो? माझी गाडी त्यात अडकली होती बघा, पुढचा आस मोडून. त्या दिवशी माझ्या खिशात दुसऱ्या एका काट्यावरची पावती होती, गाडी हलकी असल्याची. शिक्क्यासकट." त्याने मान हलवली. "पुलाला पावती वाचता आली नाही, ताई."

काटाताईला श्वास घ्यायला तोंड उघडावं लागत होतं. पोटातलं माणूस सकाळपासून फारसं हललं नव्हतं, हे तिने दिवसभर स्वतःपासूनही लपवून ठेवलं होतं. सिस्टर यंत्र घेऊन परत आली. मामा खरोखरच काही बोलला नाही. तो नुसता उभा राहिला, संत्र्यांची पिशवी पोटाशी धरून, शाळेतल्या मुलासारखा.

"सिस्टर," काटाताई म्हणाली. आवाज अगदी कर्ण्यावरचा. ना राग, ना लोभ. "परत चढवा."

"काय?"

"वजन परत घ्या. काटा बरोबर आहे. मी नाही." तिने झगा वर धरला, टाच कडेवरून काढली आणि पाटाच्या मधोमध ठेवली. "बाटलीतही पाणी घातलंय. सोमवारपासून."

आकडा वर चढला, चढत राहिला आणि थांबला. सिस्टरने आकड्याकडे बघितलं, काटाताईच्या तोंडाकडे बघितलं आणि हातातलं यंत्र मामाच्या हातात कोंबून धावत सुटली.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा रक्ताचा तपासही आला होता. मूत्रपिंडांनी हात टेकले होते, पाणी छातीत शिरायला लागलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं, असं काटाताईला वाटलं.

"गुरुवारची वाट मीही बघत होते," त्या म्हणाल्या. "रोज. पण मी खऱ्या आकड्यांवर वाट बघत होते. सोमवारी कळलं असतं तर पाणी उतरवायचं औषध वाढवलं असतं, त्या माणसाच्या डॉक्टरांशी बोलले असते, चार गोष्टी केल्या असत्या. तुम्ही माझ्या हातातले दिवस काढून घेतलेत, बाई."

"चुकलं माझं."

"चुकलंच. आता घाबरू नका. एका पिशवीत भागवते." आणि कप्तानासारख्या त्या पुढे झाल्या.

नवऱ्याला फोन लावला, तो लागलाच नाही, वाऱ्यातच कुठेतरी अडकून पडला. संमतीच्या कागदावर तिनेच सही केली. ढकलगाडी बोळातून जाताना तिला नातेवाइकांच्या जागी एकच माणूस दिसला, दोन्ही हातांनी रक्तदाबाचं यंत्र सांभाळत उभा असलेला. ते कोणाला द्यायचं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

पिशवी पुरली. कशीबशी, शेवटच्या थेंबापर्यंत. "दुसरी लागली असती तर," एवढं म्हणून डॉक्टरीणबाई थांबल्या आणि त्यांनी ते वाक्य कधीच पुरं केलं नाही. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी, पण आवाज लावणारी. तिला वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं आणि काटाताईला खाली यंत्राला जोडलं. तिच्या मूत्रपिंडांचं काम काही दिवस त्या यंत्राने केलं, मग त्यांनी कुरकुरत, थोडं थोडं करून आपलं काम परत हातात घेतलं. सगळं घेतील की नाही, ते अजून कोणी सांगत नव्हतं.

गुरुवारी दुसरा माणूस येऊन रक्त देऊन गेला होता. ती पिशवी आता जपून ठेवलेली होती.

"मला त्यांना भेटता येईल?" तिने रक्तपेढीच्या माणसाला विचारलं. "दोघांपैकी कोणालाही."

"नाही हो. नियम आहे. त्यांना तुमचं नाव नाही, तुम्हाला त्यांचं नाही."

"काही म्हणाले का?"

त्याने आठवून बघितलं. "पहिले गृहस्थ काहीच बोलले नाहीत. चहा दिला, तो पिऊन गेले. दुसऱ्यांनी विचारलं, ही सगळी माझीच धावपळ का करता, अजून कोणी नाही का? म्हटलं, फार नाहीत. तर म्हणाले, मलाही तसंच वाटायचं."

काटाताईने हे बराच वेळ मनात धरून ठेवलं. कुठेतरी, एखाद्या खोलीत, अजून एक माणूस.

"आणि मुलीचं रक्त?" तिने विचारलं.

"तिचं वडिलांसारखं. अगदी साधं. कुठल्याही पेढीत मिळेल." तो खूश होऊन सांगत होता. "तुमची अडचण तिला कधी येणार नाही!"

"बरं झालं," ती म्हणाली. खरोखरच बरं झालं होतं. पोरीला आयुष्यात रक्तासाठी कोणाच्या मुदतीची वाट बघावी लागणार नव्हती. फक्त तो माणूस गेल्यावर काटाताई खिडकीकडे तोंड करून जरा पडून राहिली. इतके महिने तिला आपलं वाटत होतं की निदान पोटात तरी एक आपल्या जातीचं आहे.

सासूबाईंनी फोनवर जाहीर केलं, "बघ, आमच्या घराण्याचं रक्त!" नवरा म्हणाला, बदली माणूस मिळालाय, आता जहाज मिळालं की निघतो. मागे वारा होताच. भंगारमामाने निरोप पाठवला की तुम्ही येईपर्यंत केबिनमध्ये मेव्हण्यालाच ठेवा, पण त्याला डोळे बसवा.

चाकाच्या खुर्चीत बसता यायला लागलं तेव्हा तिला पहिल्यांदा वर नेलं. काचेच्या पेट्यांची रांग. तिच्या पेटीत एक लालसर, सुरकुतलेली, रागावलेली आकृती होती, आणि पेटीच्या काचेला हात जाईल एवढं गोल भोक होतं. काटाताई त्या भोकाकडे बघतच राहिली.

"वेळेवर आलात," वरची सिस्टर म्हणाली. ती बोलकी, गोल चेहऱ्याची होती. "आपलं वजन आहे आत्ता." तिने पोरीला दुपट्यात गुंडाळून छोट्याशा काट्यावर ठेवलं. "अगंबाई, वाढलं की! बघा, किती छान वाढलं!"

काटाताईने आकडा बघितला. मग तिने दुपट्याकडे बघितलं. कागदावर कालच्या आकड्यापुढे 'दुपट्याविना' असं लिहिलं होतं. आजचं दुपटं जाडजूड होतं आणि त्याचाही भार काटा मोजत होता. नुसतं गप्प बसलं तर झालं असतं. सिस्टर खूश होती. आकडा लिहिला जाणार होता. नवऱ्याला फोनवर सांगायला किती बरं वाटलं असतं.

"सिस्टर, परत चढवा."

"काय झालं?"

"दुपटं काढून."

सिस्टरने दुपटं काढलं. आकडा खाली आला. कालच्यापेक्षा वर होता, पण इतकासा, चिमूटभर. सिस्टर हिरमुसली. "एवढ्याशाने काय होतं हो?"

"हे तिचं आहे," काटाताई म्हणाली. "हेच लिहा."

पोरीला परत पेटीत ठेवलं. तिला थंडी वाजली असावी, तिने हातपाय झाडून आरडाओरडा सुरू केला. "हात घाला ना आत," सिस्टर म्हणाली, "आणि बोला काहीतरी तिच्याशी. आईचा आवाज ओळखतात."

काटाताईने भोकातून हात घातला. पोरीने तिचं बोट धरलं, काही येणं बाकी असल्यासारखं. बोल म्हटल्यावर मात्र तिला काही सुचेना. बाकीच्या आया काय बोलतात ते तिने समोरच्या खोलीतून इतके दिवस ऐकलं होतं, पण ते तिच्या तोंडी बसेना. काचेच्या भोकातून तिला एकच बोलणं येत होतं.

"गाडी मधोमध घ्या," ती हळूच म्हणाली.

पोरीने रडणं थांबवून कान दिला.

"आता हलू नका. घाई नाही." तिने बोट सोडवून घेतलं नाही. "इंजिन मात्र बंद करू नका."